झाडांपलीकडच्या बाई

"हे डबे उद्या सकाळच्या आत इथून हलले पाहिजेत," शालन वन्सं म्हणाल्या. अजून त्यांनी पाय धुतले नव्हते, हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती.

मी पाण्याचा तांब्या-भांडं त्यांच्यापुढं केलं. "आधी पाणी तर घ्या."

"पाणी घेते, पण तू ऐक. उद्या आईचा सत्कार आहे. मीच ठरवलाय. हेडमास्तर येणार, पंचायतीचे मेंबर येणार, तिचे जुने विद्यार्थी येणार. फलटणहून फोटोवाला सांगितलाय. आणि आई अशी जंगलामागं? लोक म्हणतील, जगदाळ्यांच्या सुनेनं सासूला झुडपात नेऊन टाकली."

"लोक तेच म्हणतायत, संक्रांतीपासून. माझ्या अंगाला काही भोकं पडली नाहीत."

वन्संनी माझ्याकडं असं बघितलं की दुसरी कुणी असती तर पदर सावरून आत गेली असती. मी तिथंच उभी राहिले. त्या अर्धं भांडं पाणी प्यायल्या आणि उरलेलं त्यांनी शेजारच्या डब्यात, झाडाच्या बुडाशी ओतून टाकलं.

"वन्सं, त्यात पाणी घालू नका हो. कुजतं ते."

"कुमुद, झाड आहे ते. पाण्यानं कधी झाड मरतं का?"

आता वन्संना काय सांगायचं? आमचा सगळा जन्म माणदेशात गेला. इथं पावसाची वाट बघण्यात माणूस म्हातारा होतो. तोंड धुतलेलं पाणीही आम्ही मोरीत सोडत नाही, कढीपत्त्याला घालतो. पाहुण्यानं भांड्यात पाणी उरवलं तर ते झाडालाच जायचं, ही शिकवण आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळालेली. त्यामुळं आमच्या घरी जो यायचा तो पाणी प्यायचा, उरलेलं खुर्चीशेजारच्या डब्यात ओतायचा आणि पुण्य केल्यासारखा बसायचा. हे झाड महिना महिना पाण्यावाचून सुखानं राहतं, हे गावात कुणाला पटत नव्हतं. मी मोरीशेजारी बादली ठेवली. बादली कोरडीच राहिली.

पण हे डबे घरात आले कसे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझ्या सासूबाई द्वारकाबाई जगदाळे. गावच्या शाळेत मास्तरीण होत्या. अर्ध्या गावाला त्यांनीच पाटीवर अक्षर गिरवायला लावलेलं. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, म्हणून लग्न होऊन आल्यावर मीही बाईच म्हणायला लागले. त्यांनाही ते आवडायचं. आई म्हटलं की लाड करावे लागतात, असं त्या म्हणायच्या. बाई करड्या होत्या, पण खोटं बोलायच्या नाहीत आणि दुसऱ्याला बोलू द्यायच्या नाहीत. त्यांच्या वर्गात म्हणे टाचणी पडली तरी ऐकू यायची.

त्या वर्षी दिवाळी सरली आणि एका सकाळी बाईंच्या हातातून चहाची कपबशी निसटली. त्यांना वाऱ्याचा झटका आला होता. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि वाचा बंद झाली. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, समज शाबूत आहे, व्यायाम करून घ्या, बोलतं करत राहा, थोडंफार परत येईल. आमचं घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत चूल, धूर, खिडकी नाही. म्हणून बाईंची कॉट बाहेरच्या खोलीत, खिडकीशी टाकली.

आणि मग सुरू झाली रीघ.

आजाऱ्याला बघायला जाणं आमच्याकडं चुकवत नाहीत. लग्नाला नाही गेलं तर चालतं, पण आजाऱ्याला बघायला नाही गेलं तर जन्माचा बोल लागतो. कुणी बिस्किटाचा पुडा आणायचं, कुणी मोसंबी. आले की कॉटला खेटून खुर्ची ओढायची आणि पहिला प्रश्न, "बाई, मला ओळखलं का? सांगा बघू, मी कोण?"

बाई तोंड उघडायच्या. आतून नुसता घोगरा आवाज यायचा. मान हलवायच्या, डोळे मोठे करायच्या.

"नाही ओळखलं," पाहुणा माझ्याकडं वळून म्हणायचा. "समज गेली हो पार. काय बाई होती आणि काय झालं." हे सगळं बाईंच्या तोंडावर.

समज कुठं गेली होती? नुसती जीभ गेली होती. जन्मभर जिनं दुसऱ्यांना प्रश्न विचारले, तिला आता ज्याच्या मनात येईल तो उभं करून प्रश्न विचारायचा आणि नापास करून घरी जायचा. माझा जीव तीळतीळ तुटायचा.

सगळ्यात पुढं गंगू ढोबळे. पेठेतल्या किराणा दुकानाची मालकीण, बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. मनानं वाईट नव्हती, पण हौस दांडगी. दर बाजाराला वाडीवस्तीवरच्या नव्या बायका घेऊन यायची, जत्रेतलं काही दाखवायला आणावं तशी. "आता बघा हं," असं त्यांना म्हणायची आणि बाईंच्या तोंडाजवळ तोंड नेऊन विचारायची, "बाई, ओ बाई, मी कोण?"

एका बाजारी त्या बायका गेल्यावर बाईंनी भिंतीकडं तोंड केलं ते दुसऱ्या दिवसापर्यंत फिरवलंच नाही. घास घेतला नाही. मी चमचा तोंडाशी नेला तर डाव्या हातानं उडवून लावला. मग रडल्या. बाईंना मी त्याआधी रडताना बघितलं नव्हतं.

मी कॉटपुढं दोरी बांधून जुन्या लुगड्याचा पडदा लावला. गंगूनं आल्या आल्या तो सर्रकन बाजूला सारला. "अगं, आपल्यात काय लपवायचं?" पडदा ही चीजच अशी, की ज्याला हात आहे तो ती सारतो. आमचे हे म्हणाले, सुताराकडून फळ्यांचा आडोसा करू. बाईंनी जोरजोरात मान हलवली. आमच्याकडचा उन्हाळा, त्यात फळ्यांच्या खोक्यात माणूस भाजून निघेल. आणि बाईंना सगळं बघायची सवय. त्यांना फक्त स्वतःला दाखवायचं नव्हतं.

त्याच सुमाराला शाळेला दगडी कंपाउंड घालायचं निघालं. जुन्या कुंपणाची झाडं उपटून रस्त्याकडेला ढीग केला होता. उंच, तलवारीच्या पात्यासारखी सरळ पानं, कडेला पिवळी रेघ. आमच्याकडं त्याला कुणी सापाचं झाड म्हणायचं, कुणी काहीच म्हणायचं नाही. हल्ली नर्सरीत स्नेक प्लांट म्हणून मिळतं. ती झाडं बाईंनीच कधीकाळी लावलेली, कारण शेळ्या बाकी सगळं फस्त करायच्या पण ह्याला तोंड लावायच्या नाहीत. मी ढिगाशी उभी राहिले. एक गड्डा उभा करून बघितला तर पानांची टोकं माझ्या छातीला लागली. म्हटलं, कुमुद, हीच तुझी भिंत.

हातगाडी करून सगळी घरी आणली. हलवायाकडून तेलाचे रिकामे डबे मागून आणले, बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, अर्धी माती अर्धी ओढ्याची वाळू भरली आणि एकेका डब्यात झाडं दाटीनं बसवली. कॉटपुढं विटांवर फळी टाकून तिच्यावर डबे रांगेनं लावले. फळी, डबा आणि वर पानं, मिळून माझ्या हनुवटीपर्यंत आलं. वारा आत यायचा, उजेड आरपार जायचा. कॉटवरून बाईंना पानांच्या फटीतून कोण आलं ते दिसायचं, आणि खुर्चीवर बसलेल्याला पानंच दिसायची.

हातगाडीवरनं पहिला गड्डा आत आणला तेव्हा बाईंनी डाव्या हातात एक पान धरलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही. रांग लावून झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. माझा हात स्वतःच्या वाकड्या ओठांवर ठेवला, मग झाडांकडं बोट केलं, मग तेच बोट माझ्या ओठांवर दाबलं. मला सगळं कळलं. आतलं बाहेर जायचं नाही. नीट उभी राहीन तेव्हा मीच दिसेन, तोवर कुणी बघायचं नाही.

"शब्द दिला," मी म्हणाले. "मेले तरी बोलणार नाही."

तेव्हापासून आलेला प्रत्येकजण खुर्चीवर बसून झाडांशी बोलायचा. "बाई, मी कोण?" झाडं गप्प. "झोपल्यात," मी सांगायचे. खोटं बोलायला मला काही वाटायचं नाही, खरं बोलून काय मिळालं होतं? गंगूनं टाचा उंचावून वरून डोकावायचा फार प्रयत्न केला, पण गंगू पडली बुटकी. मग गावभर झालं, कुमुदनं सासूला झाडामागं टाकली, जिवंतपणी माती केली, सापाचं झाड घरात आणलं, आता ह्या घराचं काही खरं नाही. आमचे हे एसटीत कंडक्टर, त्यांना गाडीत तिकीट फाडता फाडता हे ऐकावं लागायचं. संध्याकाळी घरी येऊन गुमसुम जेवायचे.

दुपारी भांडी घासून झाली की मी झाडांमागं जायचे, दार ओढून घ्यायचे. तिथं आमचं काय चालायचं ते मी ह्यांनासुद्धा सांगितलं नाही. ह्यांच्या कानावर गेलं की शालन वन्संच्या कानावर जाणार, आणि वन्संच्या पोटात पाप नाही, पण गोष्टही राहत नाही.

तर अशा त्या वन्सं आता सत्कार घेऊन आल्या होत्या.

पाणी पिऊन त्या झाडांमागं गेल्या. बाईंच्या गळ्यात पडल्या. "आई, उद्या तुझा सत्कार. शाल, श्रीफळ, सगळं. तुझे विद्यार्थी येणार बघ."

मी फळीच्या टोकाशी उभी होते. बाईंनी मान हलवली, नाही म्हणून. एकदा, दोनदा. डोळे भरून आले.

"बघ, किती आनंद झाला तिला," वन्सं म्हणाल्या आणि आपले डोळे पुसले.

"वन्सं, त्या नको म्हणतायत."

"तुला माझ्या आईची भाषा माझ्यापेक्षा जास्त कळते?"

"सध्या तरी कळते."

ह्यांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "अगं, कशाला उगाच," मला म्हणाले. "दहा मिनिटांचं काम. फोटो काढतील, जातील. डबे परत लावू."

"आणि तो फोटो कुठं लावाल? तोंड वाकडं, लाळ गळतीय, आणि शेजारी मेंबर हसत उभा. तुमच्या आईला तसं लोकांपुढं मांडायचंय तुम्हाला?"

हे उठून अंगणात गेले. वन्सं मात्र माझ्यामागं स्वयंपाकघरात आल्या. चुलीपुढं बसल्या आणि एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, "कुमुद, मी वर्षातून दोनदा येते. तू तिचं हगणंमुतणं काढतेस, मला ठाऊक आहे. मला तिच्यासाठी एवढं एक तरी करू दे."

मला त्यांची कणव आली. खरंच आली. लेकीचा जीव तो, लांबून तुटणार नाही तर काय? पण शब्द दिला होता.

"वन्सं, जे मागितलं नाही ते दिलं की ओझं होतं. सत्कार मागं घ्या."

"माणसं सांगून झाली."

"मग माणसं येऊ देत. डबे हलणार नाहीत."

झोपायच्या आधी बाईंना औषध द्यायला गेले. त्यांनी माझं मनगट धरलं. "सांगू का त्यांना?" मी विचारलं. त्यांनी डोळे वटारले. हे तेच डोळे, ज्यांना अख्खी शाळा घाबरायची. मी म्हटलं, बरं, नाही सांगत.

सकाळी खोली झाडून मी आत चहा ठेवायला गेले आणि बाहेर धप्प असा आवाज झाला. येऊन बघते तर खुर्चीशेजारच्या डब्यातलं सगळं झाड आडवं झालेलं. सगळ्या पाहुण्यांचं पुण्य त्याच डब्यात गेलं होतं. पान धरलं तर बुडापासून हातात आलं, पिकून लिबलिबीत झालेल्या केळ्यासारखं, आणि वास तर असा सुटला की नाकाला पदर लावावा लागला. रांगेच्या मधोमध चांगली हातभर फट पडली. फटीतून बाईंचे पाय दिसायला लागले.

"बघितलंस?" वन्सं मागून म्हणाल्या. "देवानंच वाट करून दिली. आता राहिलेले काढायला कितीसा वेळ?"

"देवानं नाही केली, तुमच्या पाण्यानं केली." मी ते कुजकं झाड डब्यासकट उचलून परसात फेकलं.

परत आले तर माणसं दारात. पंचायतीचा मेंबर दत्तू शिंगाडे, पांढरा शर्ट, खिशाला पेन. हेडमास्तर, हातात शाल. गळ्यात कॅमेरा अडकवलेला फोटोवाला. मागं आणखी चारपाच जण, आणि सगळ्यांच्या पुढं घुसत नवं लुगडं नेसलेली गंगू ढोबळे. अंगणात चपलांचा ढीग.

"या, या," वन्सं म्हणाल्या आणि ह्यांच्याकडं वळल्या. "दादा, उचल रे."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. फटीलगतचा डबा दोन्ही हातांनी उचलला, बाजूला ठेवला, आणि तिथंच वाकून राहिले. बाहेरच्या अंगानं पानांवर आमच्या गावची धूळ बसलेली, बोटानं नाव काढावं इतकी. मला कुठला वेळ होता पुसायला? पण आतल्या अंगानं पानं लख्ख, बुडापासून पार टोकापर्यंत. ह्यांनी पानावरून बोट फिरवलं.

"हे आतून कुणी पुसलं?" मला हळूच विचारलं.

मी पदर खोचला आणि फटीत जाऊन उभी राहिले.

"आता दुसरा डबा उचलायचा असेल तर आधी मला उचला."

"वहिनी," दत्तू मेंबर हसत म्हणाला, "सत्कार करायला आलोय आम्ही. तुम्ही अशा उभ्या राहिलात जसं काही जप्ती आणलीय."

"सत्कार ज्यांचा आहे त्यांना विचारलं का?"

"आता त्यांना काय विचारणार? त्यांना बिचाऱ्यांना..."

"बिचाऱ्या म्हणायचं नाही. माझ्या घरात त्यांना बिचारं कुणी म्हणायचं नाही. तुम्ही आलात, चहा घ्या, पोहे खा, शाल माझ्या हातात द्या, मी त्यांना देते. पण त्यांना नको असेल तर त्यांचं तोंड कुणी बघणार नाही. मेंबर नाही, फोटोवाला नाही, आणि वन्सं, तुम्हीसुद्धा नाही."

"कुमुद, बाजूला हो," वन्सं पुढं होऊन म्हणाल्या. "चारचौघांत तमाशा करू नकोस. ती माझी आई आहे."

"तुमचीच आहे. पण तिला तोंड फुटेपर्यंत तिची जीभ मी आहे, आणि ती नाही म्हणतीय."

तेवढ्यात गंगू माझ्या हाताखालून वाकून आत बघायला लागली. "बाई," तिनं हाक मारली, "ओ बाई. ओळखलं का? सांगा बघू, मी कोण?"

मी तिला दंडाला धरून मागं ओढणार, तोच माझ्या पाठीमागं कॉट करकरली.

मी वळून बघितलं नाही. मला ठाऊक होतं काय होतंय. समोरची तोंडं बघत होते मी. सगळ्यांची नजर माझ्या डोक्यावरून पलीकडं, हळूहळू वर वर जायला लागली. फोटोवाल्याचा हात कॅमेऱ्यावर होता तो तसाच राहिला. हेडमास्तरांनी शाल छातीशी धरली.

मग मी वळले. पानांच्या टोकांवर आधी पांढरे केस आले, मग कपाळ, मग डोळे. डाव्या हातानं खिडकीचा गज धरून बाई उभ्या राहिल्या होत्या. तोंड अजून वाकडंच होतं. पाय थरथरत असणार, पण ते झाडांमागं होते, कुणाला दिसले नाहीत.

"गं... गू..." बाई म्हणाल्या. मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून. "ढो... बळे."

"हजर, बाई," गंगू म्हणाली.

म्हणून गेली आणि मग तिचं तिलाच कळलं. तोंडावर हात ठेवला तिनं.

बाईंची नजर पुढं सरकली. "दत्... तू... शिंगा... डे."

"हजर, बाई." मेंबरनं हातातली टोपी घट्ट धरली.

दुपारी झाडांमागं आमचं हेच चालायचं. बाईंना पाणी म्हणता येत नव्हतं, माझं नाव घेता येत नव्हतं, पण एकदा मी सहज बे एके बे म्हटलं आणि कॉटवरून बे दुणे चार आलं. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. जन्मभर घोकून घेतलेलं जिभेच्या मुळाशी कुठंतरी शिल्लक होतं. पाढे झाले, मग बाराखडी, मग हजेरी. वर्षानुवर्षं सकाळी म्हटलेली नावं, त्याच चालीत. आणि उजव्या हाताला डॉक्टरांनी कामाला लावा म्हटलं होतं, तर मी त्यात ओलं फडकं दिलं. आधी हात पानाच्या बुडापर्यंतच जायचा. चार-आठ दिवसांनी बोटभर वर. पुसलेलं पान रोज थोडं थोडं वर चढत गेलं. टोकापर्यंत पुसायचं तर उभं राहावं लागायचं, म्हणून बाई गज धरून उभ्या राहायला शिकल्या. हे कुणाला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून घरात रांग लागली असती, "बाई, बे एके बे म्हणून दाखवा बघू." म्हणून सांगितलं नाही.

बाईंनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाल्या, "खाली... बसा."

आणि बसले सगळे. मेंबर बसला, हेडमास्तर बसले, गंगू नव्या लुगड्यासकट जमिनीवर बसली. फलटणचा तो फोटोवाला, ज्यानं बाईंना जन्मात बघितलं नव्हतं, तोही मांडी घालून बसला. आमचे हे तर सगळ्यांच्या आधी बसले.

उभ्या राहिल्या होत्या फक्त शालन वन्सं. त्यांचे दोन्ही डोळे वाहत होते.

"शा... लन."

"काय गं आई?"

"डबा." बाईंना श्वास पुरत नव्हता. थांबल्या, परत गज आवळला. "जागे... वर."

वन्सं वाकल्या. ह्यांनी काढून ठेवलेला डबा त्यांनी कवेत घेऊन उचलला, पानं तोंडावर आली तरी सोडला नाही, आणि फळीवर ठेवला. मग आम्ही दोघींनी राहिलेले डबे एकेक करून सरकवले. मी ह्या टोकानं, वन्सं त्या टोकानं. कुजलेल्याची फट बुजली.

बाई हळूहळू खाली बसल्या. आधी तोंड गेलं, मग कपाळ, मग केस. पलीकडून कॉट करकरली आणि परत नुसती झाडं राहिली.

हेडमास्तर उठले, झाडांपर्यंत आले आणि शाल पानांच्या वर धरली. आतून एक हात वर आला. उजवा. थरथरत होता, पण आला, आणि शाल घेऊन आत गेला. फोटोवाल्यानं फोटो काढला तो एवढाच, पानं आणि हात. तो आमच्या भिंतीवर बाई असेतोवर होता, आणि बाई पुढं बरीच वर्षं होत्या. लंगडत का होईना, काठी घेऊन शाळेवरून फेरी मारून यायच्या.

त्या दिवशी सगळ्यांनी चहा घेतला. कुणी मोठ्यानं बोललं नाही. गंगू जाताना दारात थांबली आणि मला म्हणाली, "मला ओळखत होत्या गं त्या. पहिल्या दिवसापासून."

"व्हय," मी म्हटलं. "आणि तू त्यांना नाही ओळखलंस."

वाईट वाटलं तिला. वाटू दे म्हटलं.

आता माझं वय झालं. मुलगा पुण्यात, मी त्याच्याकडं. बाल्कनीत त्याच झाडांची पिल्लं आहेत, गावाहून आणलेली. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तसा मुलगा कागद घेऊन बसला, आई, काय काय लागेल सांग. मी म्हटलं, काठी लागेल, उंच खुर्ची लागेल, आणि बाल्कनीतल्या त्या सगळ्या कुंड्या आत आणून माझ्या पलंगापुढं रांगेनं लाव.

"आई, भेटायला येणाऱ्यांना काय वाटेल?"

"वाटायचं ते वाटू दे. त्यांना म्हणावं बसा, पाणी प्या. उरलेलं कुंडीत ओतू नका."